दारू, दाणा आणि दर्या

कोकण किनाऱ्याचा सतराव्या शतकातला इतिहास आपण बहुधा तटबंदी आणि लढाया यांच्या भाषेत सांगतो. राजापुरीच्या खाडीत सिद्दी, मुंबईत इंग्रज, रेवदंडा आणि गोव्यात पोर्तुगीज, आणि या साऱ्यांच्या मधून वाट काढणारे मराठ्यांचे आरमार असे चित्र डोळ्यांपुढे येते. मग प्रश्न उरतो तो बुरूज कोणी बांधला आणि तोफ कोणी डागली एवढाच. कागदपत्रे मात्र वेगळ्या काळजीने भरलेली आहेत. धान्य पोचले का, दारू कोरडी आहे का, जमाखर्च कोण लिहितो, गलबते पावसाळ्यात कुठे ठेवायची, याची ती काळजी आहे. या किनाऱ्यावर जलदुर्ग बांधणे अवघड होते, पण तो वर्षानुवर्षे भरलेला ठेवणे त्याहून अवघड होते. सागरी सत्तेची खरी कसोटी कोठारात आणि त्या कोठाराच्या तपासणीत होती.

शिवाजी महाराजांचे प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक याला लिहिलेले पत्र याचा सर्वांत बोलका पुरावा आहे. सिद्दीच्या जंजिऱ्याला शह म्हणून उभारलेल्या पद्मदुर्गासाठी आणि तिथल्या आरमारासाठी रोकड व धान्य देण्याचा हुकूम या सुभेदाराला होता, आणि त्याने तो पाळला नाही. पत्रातला संताप कामचुकारपणावर थांबत नाही. ऐन मोक्यावर रसद अडवणारा माणूस शत्रूला फितला असावा, असा थेट संशय महाराज व्यक्त करतात आणि ब्राह्मण म्हणून मुलाहिजा होणार नाही, असे बजावतात. पुरवठ्यातली हयगय आणि फितुरी यांत त्यांनी फरक ठेवला नाही, कारण खडकावरच्या शिबंदीसाठी दोन्हींचा परिणाम एकच होता. चिपळूणजवळच्या छावणीला लिहिलेले पत्रही याच जातीचे आहे. दाणा-वैरण आताच उधळली तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील, लोक रयतेला ओरबाडतील. रात्री दिवा जळता राहिला तर उंदीर वात पळवील आणि गवताच्या गंजी पेटतील, इतक्या बारकाव्यापर्यंत ते जाते.

ही दक्षता एका राजाच्या स्वभावापुरती नव्हती, तिची व्यवस्था झाली होती. बखरकार सभासद सांगतो की गडावर हवालदार, सरनोबत आणि सबनीस हे एका दर्जाचे अधिकारी असत आणि साठ्याचा जमाखर्च कारखाननीस लिही. एकाच्या हाती किल्ली, शिपाई आणि वही येऊ न देण्याची ही योजना होती. रामचंद्रपंत अमात्यांच्या 1715 च्या सुमाराच्या आज्ञापत्रात हीच शिस्त तपशिलाने येते. दारूखाना वस्तीपासून दूर असावा, दर आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने जातीने येऊन दारू व बाण बाहेर काढून ऊन द्यावे आणि पुन्हा मुद्रा करून ठेवावे. पावसाळ्यात तोफांना तेल-मेण द्यावे, त्यांचे कान मेणाने भरावेत. आरमाराची छावणी दरवर्षी एकाच बंदरात नसावी, म्हणजे त्या मुलखावर भार पडणार नाही. कोकणातल्या दमट हवेत न तपासलेली दारू म्हणजे नुसती माती, हे या नियमांमागचे गणित आहे.

यावर एक रास्त आक्षेप असा की आज्ञा म्हणजे वस्तुस्थिती नव्हे. जिवाजी विनायकाचे पत्र तर व्यवस्था मोडल्याचाच दाखला आहे. हे खरेच आहे. पण चूक राजापर्यंत पोचली, म्हणजे तपासणी जिवंत होती. आणि तिचे फळ 1679 मध्ये खांदेरीला दिसते. थळसमोरच्या त्या बेटावर मराठ्यांनी पावसाळा सरता सरता तट उभारायला घेतला. इंग्रजांनी आणि पुढे सिद्दीने वेढा घातला. इंग्रजांची जहाजे मोठी, तोफा जड. तरी उथळ पाण्यातून, वाऱ्याची पर्वा न करता वल्ह्यांवर चालणाऱ्या होड्या रात्री किनाऱ्यावरून सामान नेत राहिल्या. ऑक्टोबरमध्ये मराठ्यांचा सरदार दौलतखान याच्या आरमाराशी चकमक झाली, पण बेट टिकले ते या अखंड ये-जा करणाऱ्या होड्यांमुळे. 1680 च्या जानेवारीत इंग्रजांनी माघार घेतली.

दुसरा आक्षेप जंजिऱ्याचा. इतकी शिस्त असूनही तो कधीच का पडला नाही? उत्तर कोठाराच्याच नियमात आहे. सिद्दीमागे मोगलांचा पैसा आणि सुरतेचा पुरवठा होता, आणि त्याचे आरमार पावसाळा मुंबईत माझगावला काढी. मराठ्यांनी खाडीचा किनारा दाबला, तरी त्याचे कोठार त्यांच्या आवाक्याबाहेर होते. तिसरा आक्षेप अधिक कठीण आहे: 1756 च्या फेब्रुवारीत तुळाजी आंग्र्यांचा विजयदुर्ग तोफा-दारूगोळ्याने भरलेला असताना दोन दिवसांत पडला. इंग्रज नौदलाच्या अ‍ॅडमिरल वॉटसनच्या माऱ्यात आंग्र्यांची गलबते जळाली आणि साठा तसाच शत्रूच्या हाती गेला. इथे माझ्या दाव्याची मर्यादा मान्य करावी लागते. जवळून होणाऱ्या प्रचंड तोफमाऱ्याला भरलेले कोठार हे उत्तर नव्हे. पण त्या वेळी विजयदुर्गामागची जमीन इंग्रजांशी हातमिळवणी केलेल्या पेशव्यांच्या फौजेने धरली होती, ही गोष्टही विसरता येत नाही. खांदेरीमागे थळचा किनारा मित्राचा होता, विजयदुर्गामागचा शत्रूचा.

तेव्हा साठा वेळ मिळवून देतो, विजय नव्हे. आणि त्या वेळेचे मोल मागच्या मुलखाशी असलेल्या नात्यावर ठरते. म्हणूनच आंबा-फणसाची झाडे रयतेच्या इच्छेविरुद्ध आरमारासाठी तोडू नयेत, हा आज्ञापत्रातला नियम केवळ दयेचा मानू नये. ज्या गावातून धान्य, लाकूड आणि खलाशी यायचे, ते गाव दुखावले तर कोठार कितीही वेळा तपासले तरी रिकामेच सापडले असते.