मुलकोवालची कुपी

रोग्याच्या सुरक्षिततेचा विचार निघाला म्हणजे लोकांचें लक्ष वैद्याच्या विद्वत्तेकडे जातें. त्याच्या हातांतील चिमट्याकडे सहसा कोणी पाहात नाहीं. पण इतिहासाची साक्ष काढिली तर त्या चिमट्याचेंही महत्त्व कमी नाहीं असें दिसून येतें.

अविभक्त पंजाबांत प्लेगचा कहर चालू असतां ३० ऑक्टोबर १९०२ रोजीं मुलकोवाल ह्या खेड्यांत १०७ लोकांस प्लेगची लस टोचण्यांत आली. ती मुंबईस परळ येथें डॉ. हाफकीन ह्यांच्या प्रयोगशाळेंत तयार झालेली होती. ज्या १९ जणांस एका विशिष्ट कुपींतील लस मिळाली, ते सर्व धनुर्वातानें मरण पावले. ते आजारी नव्हते. विश्वासानें पुढें आलेले धडधाकट लोक होते. सर लॉरेन्स जेन्किन्स ह्यांच्या अध्यक्षतेखालीं चौकशी झाली आणि कुपी उघडण्यापूर्वींच ती दूषित झाली होती असा निर्णय देण्यांत आला. हाफकीन ह्यांनीं कार्बॉलिक आम्ल वगळून उष्णतेनें लस निर्जंतुक करण्याची पद्धत स्वीकारिली होती. तिच्यावर ठपका आला व त्यांचें संचालकपद गेलें.

परंतु चौकशीच्या कागदांत एक क्षुल्लक भासणारी नोंद होती. कुपीचें बूच काढण्याचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला, आणि तो ज्योतींत न धरतां नुसता कार्बॉलिकच्या पाण्यांत बुडवून वापरण्यांत आला. धनुर्वाताचें बीज मातींत असतें, व तें अशा बुडविण्यानें मरत नाहीं. शिवाय कुपी भरून कित्येक दिवस लोटले होते. जंतू आधींपासून आंत असते तर लशीस दुर्गंधी सुटावयास हवी होती. रोनाल्ड रॉसप्रभृति दहा शास्त्रज्ञांनीं जुलै १९०७ मध्यें लंडनच्या 'टाइम्स' पत्रांतून हाफकीन ह्यांची बाजू मांडिली, आणि त्याच वर्षीं ते दोषमुक्त झाले. त्या प्रयोगशाळेस १९२५ सालीं त्यांचेंच नांव देण्यांत आलें.

मदतनिसास नवा अपराधी ठरवावा असा आमचा हेतु नाहीं. अपराधी कोण, ह्या वादांत पांच वर्षें गेलीं. अपघात कसा घडला, हा खरा उपयोगाचा प्रश्न त्यांत मागें पडला. घाईच्या वेळीं चिमटा कोणाच्याही हातून पडेल. जेथें दुसरा स्वच्छ चिमटा हाताशीं असतो आणि 'पहिला पडला' हें निर्भयपणें सांगतां येतें, तेथेंच रोगी सुरक्षित राहतो, असें आम्हांस वाटतें.