अपग्रेड करू की नको? आधी थोडा इतिहास

गेल्या आठवड्यात माझ्या म्युझिक सॉफ्टवेअरने स्क्रीनवर पाटी लावली: नवीन व्हर्जन आलंय, ९ हजार रुपये भरा. तेवढ्यात एक बरा माइक येतो हो! म्हणून पैसे भरण्याआधी म्हटलं, जरा मागे जाऊन बघू.

१९८३ मध्ये मिडी आलं आणि वेगवेगळ्या कंपन्यांचे कीबोर्ड एकमेकांशी बोलायला लागले. १९८५ च्या अटारी एसटी कॉम्प्युटरला तर मिडीची सॉकेट आधीपासूनच होती. त्याच अटारीवर १९८९ मध्ये जर्मनीच्या स्टाइनबर्गचं क्यूबेस आलं. पुढे १९९६ मध्ये क्यूबेस व्हीएसटी आलं आणि रिव्हर्बसारखे इफेक्ट कॉम्प्युटरच्या आतच चालायला लागले. आधी त्यासाठी वेगळं मशीन घ्यावं लागायचं. आता सांगा, असं अपग्रेड महाग म्हणायचं का? उलट पैसे वाचले!

पण दुसरी बाजूही आहे. २००२ मध्ये ॲपलने लॉजिक बनवणारी इमॅजिक कंपनी विकत घेतली आणि विंडोजसाठी लॉजिक बनवणं बंद केलं. विंडोजवाल्यांना पुढे दोनच रस्ते होते: मॅक घ्या, नाहीतर जुन्या व्हर्जनवर राहा. २०१९ मध्ये मॅकच्या कॅटालिनाने ३२ बिट सॉफ्टवेअर चालवणंच थांबवलं. कितीतरी जुने प्लगइन एका अपडेटमध्ये गप्प झाले. २०२३ मध्ये वेव्ह्ज कंपनीने प्लगइन कायमचे विकणं बंद करून फक्त सबस्क्रिप्शन ठेवलं. लोक इतके भडकले की काही दिवसांतच निर्णय मागे घ्यावा लागला.

आणि सगळेच असे नसतात बरं का. बेल्जियमचं एफएल स्टुडिओ एकदा घेतलं की पुढची व्हर्जन फुकट.

या सगळ्यातून मला एक गोष्ट कळली. अपग्रेडचे पैसे दोन कारणांनी मागितले जातात. एक, आज जे जमत नाही ते नव्याने जमावं म्हणून. दुसरं, कालचं काम उद्याही उघडावं म्हणून. पहिलं असेल तर खुशाल भरा. दुसरं म्हणजे आपल्याच घराचं भाडं!

माझं दुसरंच होतं. त्या जुन्या प्रोजेक्टमध्ये माझ्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या आहेत. आजी आता नाही. ती फाइल उघडलीच नाही तर? या भीतीनेच मी कार्ड हातात घेतलं होतं.

मग रविवारी बसलो आणि जुनं व्हर्जन चालतंय तोवर प्रत्येक ट्रॅक सुरुवातीपासून शेवटपर्यंत वेगळ्या वेव्ह फाइलमध्ये काढला. एक कॉपी हार्ड डिस्कवर, एक बहिणीकडे. वेव्ह फाइल कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडते. दोन तास गेले, खर्च शून्य.

अपग्रेड केलं नाही. आजीचा आवाज आता कुठल्याच व्हर्जनवर अवलंबून नाही. तुमची जुनी गाणी कुठल्या फाइलमध्ये अडकलीयेत? आजच बघा. भेटू पुढच्या भागात!