डाकोटा : उतारूंचे आणि सैनिकांचे

२७ ऑक्टोबर १९४७ च्या पहाटे दिल्लीहून श्रीनगरकडे झेपावलेल्या डाकोटांमध्ये वायुदलाच्या विमानांबरोबर खासगी कंपन्यांची विमानेही होती. एरवी उतारूंची ने-आण करणाऱ्या त्या विमानांतून त्या दिवशी पहिल्या शीख पलटणीचे सैनिक गेले. या मोहिमेचे श्रेय वायुदलाला मिळाले ते योग्यच. मुलकी वैमानिकांचा उल्लेख मात्र ओझरताच होतो.

वास्तविक मुलकी आणि लष्करी हा भेद डाकोटाने कधी फारसा मानलाच नाही. १९३५ साली प्रथम उडालेल्या या अमेरिकी विमानाची कल्पना निघाली ती रात्रीच्या प्रवासात चौदा जणांना निजता यावे म्हणून. महायुद्धाने त्याला मालवाहू केले. ‘डाकोटा’ हे नाव ब्रिटिश वायुदलाने दिलेले. युद्ध संपताच शिलकी विमाने स्वस्तात विकली गेली आणि भारतात विमान कंपन्यांचे पीक आले. (पीकच म्हणायचे, त्यातले पुष्कळसे लवकरच करपले.) १९४९ पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली टपाल-विमाने मध्यरात्री नागपुरास एकत्र येत, थैल्यांची अदलाबदल करीत आणि आपापल्या शहरी परतत.

१ ऑगस्ट १९५३ रोजी आठ कंपन्यांचे विलीनीकरण होऊन इंडियन एअरलाइन्स महामंडळ उभे राहिले, तेव्हा त्याच्या वाट्याला आलेल्या ९९ विमानांपैकी ७४ डाकोटा होती.

२०१८ साली ब्रिटनमध्ये दुरुस्त झालेले एक डाकोटा भारतात आणून वायुदलाला अर्पण करण्यात आले. त्यावर रंगवलेला व्हीपी ९०५ हा क्रमांक १९४७ साली श्रीनगरला सैनिक नेणाऱ्या एका विमानाचा आहे, अर्थात वायुदलाच्या.