चंद्रपूर–गडचिरोली प्रदेशातील वन-अर्थकारण व समाजजीवन

महाराष्ट्राच्या पूर्व सीमेवरील वनाच्छादित प्रदेशात वनोपजाचा बाजार, त्यावरील मालकी आणि मजुरी यांतून घडत गेलेले समाजजीवन. पूर्वीच्या चांदा (चंद्रपूर) जिल्ह्याचे विभाजन होऊन २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. सु. १४,४१२ चौ. किमी. क्षेत्राच्या या जिल्ह्याचा तीन-चतुर्थांशांहून अधिक भाग वनव्याप्त आहे. साग, बांबू, तेंदू व मोह ही येथील प्रमुख वनसंपत्ती होय. वैनगंगा, प्राणहिता, इंद्रावती या प्रमुख नद्या होत. गोंड, माडिया, कोलाम, हलबा इ. आदिवासी जमातींबरोबरच कोहळी, ढीवर, बुरड यांसारखे समाजही येथे पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत.

प्राचीन व्यवस्था : गोंड राजवटीत आणि १७५१ नंतर नागपूरकर भोसल्यांच्या अंमलात दुर्गम वनप्रदेश जमीनदारांकडे सोपविलेला असे. अहेरी ही त्यांतील सर्वांत मोठी जमीनदारी होती. राजसत्तेला मुख्यतः ठराविक खंडणी हवी असे. जंगलातील प्रत्येक झाडाचा हिशेब ठेवण्याचे तिला कारण नव्हते. माडिया लोक डोंगरउतारावरील झुडुपे तोडून व जाळून, त्या राखेत बी पेरून फिरती शेती करीत. तिला ‘पेंदा’ म्हणतात. मोहफुले, कंदमुळे, मासे व शिकार यांवर उरलेली गुजराण चाले. बाहेरून मुख्यत्वे मीठ व कापड आणावे लागे आणि ते आठवडी बाजारात वनोपजाच्या मोबदल्यात मिळे. वैनगंगेच्या खोऱ्यात मात्र कोहळ्यांनी बांधलेल्या तलावांच्या आधारे धानाची स्थिर शेती विकसित झाली होती. अशा रीतीने एकाच प्रदेशात दोन भिन्न अर्थव्यवस्था व त्यांना अनुरूप अशा दोन समाजरचना शेजारी शेजारी नांदत होत्या.

ब्रिटिश काल : १८५३ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले. १८५८ मध्ये मोलमपल्लीचे जमीनदार बाबुराव शेडमाके आणि आडपल्ली–घोटचे व्यंकटराव यांनी इंग्रजांविरुद्ध उठाव केला. बाबुरावांना २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांदा येथे फाशी देण्यात आले. त्यानंतरच्या दोन दशकांत लोहमार्गांनी या प्रदेशाचे मोल पालटले. रुळांखालील स्लीपरांना टिकाऊ लाकूड हवे होते, तर इंजिनांना कोळसा. १८६५ व १८७८ च्या वन अधिनियमांनी सरकारी जंगले राखीव करण्याचा मार्ग मोकळा केला. पूर्वी गावाचा वहिवाटीचा हक्क असलेल्या गोष्टी आता ‘सवलत’ ठरल्या आणि सवलत म्हटली की ती काढूनही घेता येते. पेंदा शेतीवर निर्बंध आल्यावर अनेक कुटुंबांना जंगलखात्याच्या वा ठेकेदाराच्या कामावर राबण्यावाचून पर्याय उरला नाही. वेठबिगारीचीही प्रथा पडली. मोहफुलांच्या दारूवर अबकारी नियंत्रण आल्याने घरगुती व धार्मिक वापराची वस्तू सरकारी महसुलाची बाब बनली.

वरोरा येथील कोळशाची खाण १८७० च्या दशकात सुरू झाली व तिच्यासाठी वर्ध्याहून लोहमार्ग आणण्यात आला. लोहारा येथील लोहखनिज आणि वरोऱ्याचा कोळसा यांच्या आधारे पोलादाचा कारखाना काढता येईल काय, याचा विचार जमशेटजी टाटा यांनी १८८२ मध्ये एका जर्मन भूवैज्ञानिकाचा अहवाल वाचल्यानंतर केला होता. तथापि तो कोळसा पोलादनिर्मितीस योग्य ठरला नाही आणि कारखाना अखेर दूर साकची (जमशेदपूर) येथे उभा राहिला. कोळशाच्या एका गुणधर्मामुळे या प्रदेशाचे पोलादनगरी होणे टळले आणि कच्चा माल बाहेर पाठविणारा प्रदेश हीच त्याची ओळख दीर्घकाळ राहिली. वरोऱ्याची खाण १९०६ मध्ये बंद पडली. परंतु बल्लारपूरच्या खाणी आणि १९२९ मध्ये पूर्ण झालेला काझीपेट–बल्लारशा लोहमार्ग यांमुळे हा भाग उत्तर–दक्षिण व्यापाराच्या मुख्य मार्गावर आला.

स्वातंत्र्योत्तर काल : १९५१ मध्ये तत्कालीन मध्य प्रदेश राज्यात जमीनदारी व मालगुजारी नष्ट झाली. त्यामुळे जमीनदारांची जंगले शासनाच्या ताब्यात गेली. ती कसणाऱ्या वा वापरणाऱ्या गावांना मिळाली नाहीत. निस्तार हक्क कागदोपत्री राहिले, पण त्यांची अंमलबजावणी वनरक्षकाच्या मर्जीवर अवलंबून असे. १९४५ मध्ये बल्लारपूर येथे स्थापन झालेल्या कागद उद्योगाला दीर्घ मुदतीच्या करारांनी सवलतीच्या दरात बांबू मिळू लागला. त्याच बांबूवर टोपल्या, सुपे व तट्टे विणून जगणाऱ्या बुरडांना आणि कुंपण-छपरासाठी तो तोडणाऱ्या गावकऱ्यांना मात्र परवाना वा दंड यांना तोंड द्यावे लागले. वस्तू एकच असली, तरी गिरणीसाठी ती कच्चा माल होती व गावासाठी घरसंसार. किंमत ठरविण्याचा अधिकार कोणाकडे, हा खरा प्रश्न होता.

तेंदूपानांच्या बाबतीत हे अधिक स्पष्ट दिसते. विडी उद्योगाला लागणारी ही पाने एप्रिल–मे महिन्यांत, शेतीची कामे नसताना, तोडली जातात. पहाटे कुटुंबातील लहानथोर जंगलात जातात, दुपारी घरी बसून ७० पानांचा एक याप्रमाणे पुडे बांधतात व सायंकाळी ते ‘फळी’वर (संकलन केंद्रावर) मोजून देतात. खरिपाचे बियाणे, औषधपाणी, लग्न व कर्जफेड यांसाठी रोख पैसा देणारा हा जवळजवळ एकमेव हंगाम असल्याने मजुरीचा दर हा येथील राजकारणाचा कळीचा विषय बनला. १९६९ च्या वनोपज व्यापार विनियमन अधिनियमाने हा व्यापार शासनाच्या नियंत्रणाखाली आणला. तथापि प्रत्यक्ष संकलन ठेकेदारांकडेच राहिले. १९८० च्या सुमारास गोदावरीपलीकडून आलेल्या नक्षलवादी गटांनी पानांच्या व बांबूतोडीच्या दरवाढीच्या मागणीद्वारेच प्रथम पाय रोवले. पुढे ठेकेदारांकडून खंडणी वसूल केली. त्यानंतरच्या दशकांतील हिंसाचारात सर्वाधिक हानी सामान्य गावकऱ्यांचीच झाली.

सामूहिक हक्क : १९८० च्या दशकात इंचमपल्ली व भोपालपटनम या नियोजित धरणांविरुद्ध ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन झाले. त्यातून धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या छोट्या गोंड गावात सर्वसंमतीने निर्णय घेणारी ग्रामसभा रुजली. अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी यांच्या वनहक्कांना मान्यता देणाऱ्या २००६ च्या अधिनियमाने बांबूचा समावेश गौण वनोपजात केला. त्यानुसार २००९ मध्ये मेंढ्याला सु. १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही तोडलेला बांबू गावाबाहेर नेण्याचा परवाना कोणी द्यावयाचा, हा वाद उरलाच. २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश व मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत परवाना-पुस्तिका ग्रामसभेच्या हाती देण्यात आली, तेव्हा तो मिटला. त्यानंतर अनेक ग्रामसभांनी बांबू व तेंदू यांचे लिलाव स्वतः केले. पूर्वी केवळ मजुरी मिळत असलेल्या कुटुंबांपर्यंत विक्रीच्या नफ्याचाही वाटा पोहोचला. मात्र लिलावाचे ज्ञान, हिशेब व भांडवल यांच्या अभावी काही ठिकाणी व्यापाऱ्यांचे वर्चस्व कायम राहिले.

चंद्रपूर परिसरात कोळसा खाणी व औष्णिक वीज केंद्र यांमुळे औद्योगिक कामगारांची नगरे वाढली. गडचिरोलीत एटापल्ली तालुक्यातील सुरजागड येथील लोहखनिजाच्या उत्खननाला २०२१ नंतर वेग आला. रोजगाराची अपेक्षा आणि जंगल, पाणी व देवस्थाने गमावण्याची भीती ही दोन्ही तेथील ग्रामसभांच्या चर्चेत आढळतात. साग, कोळसा, बांबू, तेंदू व लोह असा बाजाराच्या मागणीचा क्रम बदलत गेला आणि प्रत्येक वस्तूबरोबर गावाचे कष्टाचे वेळापत्रक, नातेसंबंध व सत्तेशी असलेले नातेही बदलले. या दीर्घ इतिहासातून एवढे निश्चितपणे दिसते, की या प्रदेशाचे दारिद्र्य संपत्तीच्या अभावातून आलेले नसून त्या संपत्तीवरील निर्णयाधिकाराच्या अभावातून आलेले आहे.