बसऱ्याचा धक्का

बसरा म्हटले की आपल्याला हजरत राबिया बसरी आठवतात, हसन बसरी आठवतात, रमजानच्या इफ्तारीतला खजूर आठवतो. याच बसऱ्याच्या पाण्यात आपल्या मुलखातल्या माणसांनी काय सोसले, हे मात्र आपण विसरलो आहोत.

पहिल्या महायुद्धात, नोव्हेंबर १९१४ मध्ये, इंग्रजांची सहावी म्हणजे पुणे डिव्हिजन फाव येथे उतरली आणि त्याच महिन्यात बसरा त्यांच्या ताब्यात आले. तिच्यातील मराठा पलटणींत दख्खनी मुसलमानांच्याही कंपन्या असत. खलीफाच्या फौजेवर बंदूक रोखताना त्या शिपायांच्या मनात काय कालवाकालव झाली असेल, याची आपण कल्पनाच करू शकतो.

शहर मिळाले, पण बंदर मिळाले नाही. बसऱ्यात मोठी जहाजे लागतील असा धक्का नव्हता, क्रेन नव्हती, पुरेशी गोदामेही नव्हती. मुंबईहून आलेली आगबोट शत्-अल्-अरबच्या मध्यप्रवाहात नांगर टाकून उभी राहायची. पीठ, डाळ, दारूगोळा, घोड्यांचा चारा, सारे काही महैला नावाच्या शिडाच्या मोठ्या होड्यांत उतरवून काठावर न्यावे लागे. काठावर चिखल, आणि पूर आला की छावणीभोवती पाणीच पाणी. फौज वाढली तशी जहाजांची रांगही वाढली. कित्येक जहाजे माल पोटात घेऊन आठवडेच्या आठवडे तशीच उभी राहिली.

पुढे रस्ता नव्हता, रेल्वे नव्हती. होती फक्त उथळ, वळणावळणाची तैग्रिस नदी आणि मोजक्या नदीबोटी. तरीही सेनापतींना बगदादचा मोह पडला. नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफॉनला, म्हणजे हजरत सलमान फारसी यांच्या मजारीजवळ, जनरल टाउनशेंडची फौज अडली आणि मागे फिरली. जखमी जवान बोटींच्या डेकवर दाटीवाटीने, धड मलमपट्टीही न होता बसऱ्याला पोहोचले. उरलेली फौज डिसेंबरमध्ये कूत येथे वेढली गेली.

तिच्या सुटकेसाठी नवे सैन्य बसऱ्यात उतरले. पण त्यांना वर न्यायला बोटी पुरेशा नव्हत्या. हजारो सैनिक मागेच खोळंबले. सुटकेच्या प्रयत्नांत सुमारे २३ हजार माणसे मेली किंवा जखमी झाली. विमानातून पिठाची पोती टाकून पाहिली, 'जुलनार' बोट रसद घेऊन धाडली; तीही पकडली गेली. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३ हजारांनी शरणागती पत्करली. त्यांत बहुसंख्य हिंदी होते, आणि कित्येक जण कैदेतच दगावले.

त्यानंतर शहाणपण आले. माकिल येथे धक्के बांधले गेले, रूळ टाकले गेले, नदीबोटींचा ताफा उभा राहिला. त्यासाठी हिंदुस्थानातून मजुरांच्या तुकड्या गेल्या, तुरुंगातले कैदीसुद्धा नेले गेले. मार्च १९१७ मध्ये बगदाद पडले. त्याच वर्षी चौकशी आयोगाने रसदीच्या अनास्थेवर ताशेरे ओढले आणि भारतमंत्री चेंबरलेन यांनी राजीनामा दिला.

इतिहासात सेनापतींची नावे राहिली. पाठीवर पोती वाहणारे मजूर, खलाशी आणि भुकेने मेलेले शिपाई कुठे आहेत? आपल्या गावातल्या एखाद्या जुन्या घरात 'बसऱ्याला गेलेल्या' पणजोबांची आठवण अजून निघत असेल, तर ती लिहून ठेवली पाहिजे. हा इतिहास आपणच लिहायचा आहे.