‘पडीक’ माळावरचा लांडगा

सव्हाना म्हटले की आफ्रिका आठवते. पुण्याच्या पूर्वेला सासवड, सुपे, इंदापूरकडचे गवताळ माळरान त्याच जातकुळीचे आहे. मुंबई सरकारसाठी दख्खनची पाहणी करणाऱ्या विल्यम साइक्स यांनी १८३१ मध्ये इथल्या लांडग्याचे शास्त्रीय वर्णन केले. ‘पॅलिपेस’, म्हणजे फिकट पायांचा, हे नाव त्यांचेच. चारच वर्षांनी इंदापुरात गोल्डस्मिड आणि विंगेट यांची जमीन मोजणी सुरू झाली. जी पिकत नाही ती जमीन सरकारी हिशेबात पडीक, आणि माळ नेमका तसाच.

आफ्रिकेत शिकारी जनावरे रानातल्या कळपांवर जगतात. इथे काळवीट विरळ झाले, चित्ता तर १९५२ मध्ये देशातून नामशेष म्हणून जाहीर झाला. लांडगा टिकला तो धनगरांच्या मेंढ्यांवर. मेंढी गेल्याचा राग धनगराला येतोच. पण चराईसाठी माळ त्यालाही हवा असतो. दोघांचा आसरा एकच.

चिंकाऱ्यांसाठी १९९७ मध्ये सुप्याला मयूरेश्वर अभयारण्य झाले. त्याचे क्षेत्र जेमतेम पाच चौरस किलोमीटर. लांडग्यांच्या एका टोळीलाही ते पुरत नाही. बाहेरच्या माळावर प्लॉट पडतात, नाहीतर पुण्यकर्म म्हणून झाडे लावली जातात. दाट सावलीत गवत मरते. माळाला आधी पडीक म्हणणे थांबायला हवे.