चार्लीचा दादा

गेल्या महिन्यात नोकरी बदलली. ऑफर लेटरसोबत चौदा पानांचं अॅग्रीमेंट आलं. मी पगाराचा आकडा बघितला, जॉइनिंगची तारीख बघितली आणि बाकीची बारा पानं भराभर स्क्रोल करून थेट सहीपाशी पोचलो. सही करण्याआधी उगाचच, जुनी सवय म्हणून, ते दादाला फॉरवर्ड केलं. रात्री साडेअकराला त्याचा फोन.

"अकरावं कलम वाचलंस का?"

"नाही रे दादा. सगळ्यांचं सेमच असतं ते."

"शनिवार-रविवारी घरी बसून तू जे काही लिहिशील तेसुद्धा कंपनीचं, असं लिहिलंय. चालेल तुला?"

मी गप्प. दुसऱ्या दिवशी एचआरला मेल टाकली आणि आश्चर्य म्हणजे दोन ओळी बदलून मिळाल्या. नेमकं त्याच आठवड्यात चार्ली चॅप्लिनबद्दल वाचत होतो, आणि लक्षात आलं की हा फोन शंभर वर्षांपूर्वीही एका दादाने केला होता. फक्त त्यातले आकडे जरा मोठे होते :-)

चॅप्लिन म्हटलं की आपल्याला एकच माणूस दिसतो. लेखक तो, दिग्दर्शक तो, नट तो, निर्माता तो, पुढे पुढे संगीतही त्याचंच. अगदी एकखांबी तंबू. पण तंबू ज्या जमिनीवर उभा होता, तिचा सातबारा चार्लीच्या नावावर कोणी करून दिला? त्याच्या मोठ्या भावाने. सिडनी चॅप्लिनने.

सिडनी १८८५ चा, चार्ली १८८९ चा. आई एक, वडील वेगळे. आई हॅना रंगमंचावर गायची. तिचा आवाज गेला, कामं गेली, आणि १८९६ मध्ये दोन्ही मुलांना घेऊन तिला लंडनमधल्या वर्कहाउसमध्ये, म्हणजे निराधारांच्या सरकारी आश्रयगृहात, जावं लागलं. सिडनीची रवानगी एका प्रशिक्षण जहाजावर झाली. पुढे तो खरोखरच बोटीवर नोकरीला लागला. १९०३ मध्ये आईला मनोरुग्णालयात ठेवावं लागलं तेव्हा सिडनी समुद्रावर होता आणि चौदा वर्षांचा चार्ली घरात एकटा, भावाच्या बोटीची वाट बघत.

सिडनी परतला. त्याच सुमाराला चार्लीला 'शेरलॉक होम्स' नाटकात नोकर पोऱ्याचं काम मिळालं. पंचाईत अशी, की चार्लीला वाचायला धड येत नव्हतं. सिडनीने शेजारी बसून त्याच्याकडून भूमिका पाठ करून घेतली. पगार आठवड्याला अडीच पौंड. उपाशी घराला ही लॉटरीच होती, तरीही हा पठ्ठ्या दुसऱ्या दिवशी कंपनीच्या माणसाकडे घासाघीस करायला गेला. ती जमली नाही, पण सिडनी कोणत्या जातकुळीचा माणूस होता ते इथेच कळतं.

१९०६ मध्ये सिडनी फ्रेड कार्नोच्या विनोदी नाटक कंपनीत शिरला आणि दोन वर्षांनी त्याने चार्लीलाही तिथे चिकटवलं. या कंपनीच्या दौऱ्यांवरच चार्ली अमेरिकेला गेला. तिथे कीस्टोन स्टुडिओने त्याला हेरलं आणि फेब्रुवारी १९१४ मध्ये ढगळ पँट आणि काठीवाला भटक्या पडद्यावर आला. वर्ष संपता संपता चार्लीने सिडनीलाही कीस्टोनमध्ये बोलावून घेतलं. सिडनीचा पगार ठरला आठवड्याला २०० डॉलर, चार्लीपेक्षा पंचवीस जास्त. नव्याने आलेल्याला जुन्यापेक्षा जास्त पॅकेज! आयटीवाल्यांना ही जखम सांगायला नको.

चार्लीच्या डोक्यात तेव्हाच आलं होतं की आपण दोघं मिळून स्वतःची कंपनी काढूया. सिडनीने ते उडवून लावलं. आयुष्यात पहिल्यांदा असा पगार हातात पडत असताना कोण सोडेल? चार्ली एकटाच एसेनेमध्ये गेला, आठवड्याला १,२५० डॉलरवर. सिडनी कीस्टोनचं वर्ष पूर्ण करून बाहेर पडला, आणि मग त्याने एक निर्णय घेतला. स्वतः बरा विनोदी नट असताना त्याने अभिनय बाजूला ठेवला आणि भावाचे व्यवहार बघायला सुरुवात केली.

पुढचे आकडे गंमतशीर आहेत. २६ फेब्रुवारी १९१६ रोजी म्युच्युअल कंपनीशी करार झाला. आठवड्याला १०,००० डॉलर, शिवाय दीड लाख डॉलर बोनस. चार्ली तेव्हा सव्वीस वर्षांचा. वाटाघाटी सिडनीच्या. पेपरवाल्यांना हा आकडा म्हणजे मेजवानीच होती.

पण मला विचाराल तर खरी गोष्ट आकड्यांची नाहीच. त्याच वर्षी एक वेगळा प्रकार घडला. चार्ली सोडून गेल्यावर एसेनेने त्याचा 'कार्मेन'वरचा दोन रिळांचा विनोदी चित्रपट काढला, त्याने टाकून दिलेले तुकडे आणि त्याच्याशिवाय नव्याने चित्रित केलेले प्रसंग त्यात घुसडले, आणि चार रिळांचा म्हणून बाजारात आणला. चार्ली कोर्टात गेला आणि हरला. सरळ हिशोब होता. काम तुझं असेल, पण माल आमचा.

चार्लीने या धक्क्याने अंथरूण धरलं, पण त्यातून धडा कायमचा घेतला. यापुढे प्रत्येक करारात एक कलम असणार होतं, की पूर्ण झालेल्या चित्रपटाला कोणी हात लावायचा नाही. आणि १९१७ मध्ये सिडनीने फर्स्ट नॅशनलशी जो करार जुळवून आणला, तो याच्याही पुढे गेला. आठ चित्रपट, एकूण दहा लाखांहून जास्त डॉलर, ही झाली हेडलाइन. खाली बारीक अक्षरांत काय होतं? चार्ली आता पगारदार नाही, तो स्वतःच निर्माता. प्रत्येक चित्रपटासाठी १,२५,००० डॉलर आगाऊ, त्यातून खर्च त्याने करायचा, नफ्यात अर्धा वाटा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पाच वर्षांनी चित्रपटाचे हक्क परत चार्लीकडे.

हे शेवटचं वाक्य पुन्हा एकदा वाचा. तुमच्या-माझ्यापैकी कितीजणांच्या करारात असं काही आहे?

मग हॉलिवुडमध्ये ला ब्रिया अॅव्हेन्यूवर पाच एकर जागा घेऊन चार्लीने स्वतःचा स्टुडिओ बांधला. जागेवर आधीपासून एक मोठं घर होतं, तिथे सिडनी आणि त्याची बायको राहायला गेले. स्टुडिओतला पहिला चित्रपट 'अ डॉग्ज लाइफ' (१९१८). यात सिडनी आहे. रस्त्यावरच्या खाण्याच्या गाडीचा मालक. त्याची पाठ वळली की भुकेला चार्ली ताटातला एकेक केक तोंडात कोंबतो, तो वळला की साळसूद चेहरा. ताट रिकामं होत जातं आणि मालकाचा संशय वाढत जातो. हा प्रसंग यूट्यूबवर जरूर बघा. एकानेही अर्धा सेकंद चुकवला असता तर सगळं फसलं असतं. खरोखर उपाशी राहिलेले दोन भाऊ भुकेवर विनोद करतायत हे माहीत झाल्यावर मात्र हसताना जरा अडखळायला होतं. त्याच वर्षीच्या 'शोल्डर आर्म्स'मध्ये सिडनी सार्जंटही आहे आणि जर्मन कैसरही.

१९१९ मध्ये चार्लीने मेरी पिकफर्ड, डग्लस फेअरबँक्स आणि ग्रिफिथ यांच्याबरोबर युनायटेड आर्टिस्ट्स काढली. आपापला पैसा उभारा, आपापला चित्रपट काढा, कंपनी फक्त वितरण करेल. स्वातंत्र्याची शेवटची पायरी. याचा परिणाम 'सिटी लाइट्स'मध्ये दिसतो. बोलपट आलेले, आणि हा गृहस्थ दोन वर्षांहून जास्त काळ एक मूकपट काढतोय. फूलवालीच्या एका प्रसंगाचे शेकडो टेक. मधेच नायिकेला काढून टाकलं, मग परत बोलावलं. कोणत्या मॅनेजरने हे चालू दिलं असतं? १९३१ मध्ये चित्रपट लागला आणि तुफान चालला.

सिडनी तोवर वेगळ्या वाटेने गेला होता. १९१९ मध्ये त्याने विमान कंपनी काढून बघितली. स्वतःच्या नावावर दहा लाख डॉलरचा करारही मिळवला, पण त्यातून एकच चित्रपट निघाला आणि तो पडला. 'चार्लीज आंट' (१९२५) मात्र जोरदार चालला. मग १९२९ मध्ये इंग्लंडमध्ये एका तरुण अभिनेत्रीने त्याच्यावर गंभीर शारीरिक हल्ल्याचा आरोप केला. स्टुडिओने प्रकरण पैसे देऊन मिटवलं, सिडनी देश सोडून गेला आणि त्याची कारकीर्द तिथेच संपली. हे लिहिणं टाळता आलं असतं, पण 'भावासाठी झिजलेला सज्जन दादा' अशी गुळगुळीत गोष्ट सांगायची नव्हती. भावाच्या आयुष्यातलं प्रत्येक कलम तपासणारा माणूस स्वतःच्या बाबतीत असा निघू शकतो.

भावांचं नातं मात्र टिकलं. १९३९ मध्ये 'द ग्रेट डिक्टेटर'च्या सेटवर सिडनी हजर होता, हातात घरगुती रंगीत मूव्ही कॅमेरा घेऊन. मूळ चित्रपट कृष्णधवल, त्यामुळे ते सेट आणि ते गणवेश रंगांत दिसतात ते फक्त सिडनीच्या चित्रणात. ही रिळं कित्येक वर्षं पडून होती, २००२ मधल्या एका माहितीपटात ती जगाने पाहिली.

आणि ते पाच वर्षांचं कलम? १९५२ मध्ये अमेरिकेने चार्लीचा परतीचा परवाना रद्द केला. स्टुडिओ गेला, देश गेला, पण चित्रपट त्याचेच होते. १९५९ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये राहून त्याने 'अ डॉग्ज लाइफ', 'शोल्डर आर्म्स' आणि 'द पिल्ग्रिम' एकत्र करून, स्वतः संगीत देऊन पुन्हा प्रदर्शित केले. चाळीस वर्षांपूर्वी भावाने मागून घेतलेली एक ओळ म्हातारपणी कामाला आली. याउलट कीस्टोनचे चित्रपट कोणीही कापले, नावं बदलून विकले, आणि तो काही करू शकला नाही.

सिडनी गेला १६ एप्रिल १९६५ रोजी. त्या दिवशी चार्लीला ७६ वर्षं पूर्ण झाली होती.

आपण 'स्वतंत्र कलाकार' म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर बंडखोर, कोणाचं न ऐकणारा माणूस येतो. चार्ली तसा होताच. पण त्याला कोणाचंही न ऐकणं परवडावं, यासाठी कोणीतरी चष्मा लावून बारीक अक्षरं वाचत बसलं होतं.

असो. दादाला हे सगळं फोनवर ऐकवलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ते ठीक आहे. नवव्या कलमातल्या नोटीस पीरियडचं काय केलंस?"

ते राहिलंच होतं. उद्या सोमवार, पुन्हा एक मेल टाकतो.